टेस्ला कॉइल : नाव आणि वस्तू

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक वस्तू हल्ली दिसते. प्लॅस्टिकच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, खाली ९ व्होल्टची बॅटरी. जवळ सीएफएल बल्ब धरला की वायर न जोडताच उजळतो. पाटी असते ‘टेस्ला कॉइल’. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून माझा प्रश्न : हिला टेस्लाचं नाव का?

२० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात निकोला टेस्लाने विद्युत अभियंत्यांपुढे व्याख्यान दिलं. टांगलेल्या दोन पत्र्यांमध्ये काचेच्या नळ्या नेल्या, त्या तारेविना उजळल्या. तुळजापूरसारख्या यात्रेच्या गावात असं यंत्र कापडाखाली लपवून कुणी चमत्कारही खपवेल. नाटकीपणा टेस्लातही होता, पण त्याने कृती उघड सांगितली आणि ती छापून आली. मला हा फरक फार मोठा वाटतो.

त्याच्या यंत्रात कपॅसिटर भरायचा आणि ठिणगीच्या फटीतून रिकामा व्हायचा. त्यामुळे मोजक्या वेढ्यांच्या वेटोळ्यात सेकंदाला लाखो आंदोलनं उठत. शेजारच्या पुष्कळ वेढ्यांच्या वेटोळ्याचा सूर तोच असला की त्यात व्होल्टेज चढत जाई. सतारीच्या तरफा आठवा. वरची तार छेडली की जुळलेली तरफ न छेडता बोलते. मिरजेच्या कारागिराला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मुलांची कॉइल बघा. फट नाही, कपॅसिटरही नाही. आहे एक २एन२२२२ ट्रान्झिस्टर, २२ किलोओमचा रेझिस्टर, जाड तारेचे तीन-चार वेढे आणि बारीक तारेचे तीनेकशे. ही इनॅमलची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते. बारीक तारेचं खालचं टोक ट्रान्झिस्टरच्या बेसला जातं, म्हणजे कधी चालू, कधी बंद हे वेटोळंच ठरवतं. इथे दोन तारांचा सूर जुळवलेला नाही. एकच तार आपल्याला छेडणाऱ्याला ताल देते. काटेकोर बोलायचं तर ही टेस्लाच्या कॉइलची लेक नव्हे, पुतणी.

तुम्ही म्हणाल, नावाचा एवढा काथ्याकूट कशाला? कारण नाव एक असलं की मुलं दोन्ही वस्तू एकच समजतात. व्हिडिओत हातभर ठिणग्या बघतात आणि घरच्या २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मर जोडायला निघतात. टेस्लाने प्रवाह स्वतःच्या अंगातून नेला होता, त्यावरून ‘उच्च वारंवारतेची वीज लागत नाही’ हा समज पसरला. मज्जातंतूंना ती जाणवत नाही, पण कातडी भाजते. ट्रान्सफॉर्मर आणि भरलेला कपॅसिटर तर सरळ जीव घेतात. तेव्हा घरी पुतणीच बरी! तीही पेसमेकर असलेल्या आजोबांपासून लांब. आणि ट्रान्झिस्टर तापतो, म्हणून पाच-दहा सेकंदच चालवायची.

बल्ब लागला नाही तर बॅटरी काढा, जाड वेढ्यांची दोन टोकं अदलाबदल करा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.