नरहरी सोनारांची हत्यारे: पंढरपूर परिसरातील सोनारकामाचा इतिहास

पंढरपूरच्या सोनारकामाचा बारकाईने दिलेला दाखला संत नरहरी सोनार यांच्या एका अभंगात मिळतो. नरहरी हे नामदेवांच्या काळातले, तेराव्या-चौदाव्या शतकातले वारकरी संतकवी मानले जातात. त्यांचा पिढीजात धंदा सोनाराचा आणि उपासना शिवाची. पंढरपुरात राहूनही ते विठ्ठलाचे दर्शन घेत नसत, असे परंपरा सांगते.

त्यांची प्रसिद्ध कथा महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथात येते. पुत्रप्राप्तीचा नवस फेडण्यासाठी एका सावकाराने नरहरींना विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला सांगितला. नरहरींनी देवळात न जाता सावकाराने आणलेल्या मापावर तो घडवला. तो कधी सैल झाला, कधी आखूड. अखेर डोळे बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले. हाताला शंकराची चिन्हे लागली, म्हणून पट्टी सोडली, तर समोर विठ्ठल. हरी आणि हर एकच, हा कथेचा अर्थ. तो उलगडतो मात्र धंद्यातल्या एका साध्या नियमातून: कमरेचा दागिना अंगावरच्या मापाशिवाय बसत नाही.

अभंगात धंदा आणि भक्ती यांचा हा संबंध आणखी पुढे जातो. देह ही बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, अंतरात्मा हे सोने, तीन गुणांची मूस, विवेकाचा हातोडा, मन-बुद्धीची कात्री आणि ज्ञानाचा ताजवा. गिऱ्हाइकाचे सोने मारण्याचा जो आळ या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या आला, तोही सुटलेला नाही. इथे चोरी होते ती रामनामाची. रूपरंग नसलेल्या अनुभवाचे वर्णन करायला नरहरींनी रूपके दुकानातूनच घेतली. त्यामुळे हा अभंग धंद्यातल्या हत्यारांची यादी म्हणूनही वाचता येतो.

ही हत्यारे विसाव्या शतकापर्यंत फारशी बदलली नाहीत. कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून कस पाहायचा. मुशीत सोने वितळवून कांब ओतायची, ती ऐरणीवर ठोकून पत्रा करायचा किंवा लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून ओढून तार काढायची. सांध्याला झाळ आणि टंकणखार लावून फुंकणीने दिव्याची ज्योत तिथे वळवायची. पोकळ मण्यांत लाख भरायची, म्हणजे थोड्या सोन्यात मोठा मणी उभा राहतो आणि चेपत नाही. वजनाला गुंजा वापरत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तयार मणी रेशमात गुंफण्याचे काम सोनाराचे नसे. ते पटवेकऱ्याकडे जाई.

दागिन्यांचे घाट आसपासच्या जगातूनच आले. जोंधळी पोतीचे मणी जोंधळ्याच्या दाण्याएवढे, बोरमाळेचे बोरासारखे. पंढरपूर ज्यात येते तो सोलापूर जिल्हा ज्वारीचा, म्हणजे जोंधळ्याचा. या घाटांत दाण्याची हुबेहूब नक्कल नसते. देठ, साल, रंग गळून फक्त गोलाई आणि आकारमान उरते. आधुनिक चित्रकलेत अमूर्ताच्या नावाने जे आकारांचे सुलभीकरण ओळखले जाते, त्याच्या जवळची ही रीत या कारागिरांच्या हातात आधीपासून होती. पुतळ्यांच्या माळेचा उगम बाजारातला आहे. मराठी कागदपत्रांत ‘पुतळी’ हे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे नाव. त्यावर मानवाकृती असत. व्यापारातून आलेली ही नाणी माळेत ओवली गेली आणि पुढे सोनार तशाच चकत्या ठशावर उठवू लागले.

पंढरपुरात या कामाला देवस्थानाचा आधार होता. राजेरजवाड्यांनी आणि भाविकांनी वाहिलेले अलंकार विठ्ठल-रुक्मिणीला सणावारी चढवले जातात. वारकऱ्याचा स्वतःचा अलंकार मात्र लाकडाचा. तुळशीच्या वाळलेल्या काड्यांचे मणी करून १०८ मण्यांची माळ ओवण्याचे काम पंढरपुरातील काशीकापडी समाज करत आला आहे. सोन्याची पोत आणि तुळशीची माळ या दोन वस्तू एकाच पेठेत पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या.

सोनाराच्या दुकानातला केरही वाया जात नसे. शेगडीची राख आणि जमिनीवरची धूळ झारेकरी विकत घेई आणि धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढी. याच्याशी जोडलेला गलाईचा धंदा दुष्काळी पट्ट्यात मोठा झाला. सांगोला, आटपाडी, विटा, खानापूर या भागातली कुटुंबे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे काम घेऊन देशभरच्या सराफ पेठांत गेली. कोरडवाहू शेतीवर भागत नव्हते आणि या धंद्याला भांडवलापेक्षा कसब व विश्वास अधिक लागत असे, हे त्यामागचे कारण.

सोनारकामाला सर्वांत मोठा धक्का जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी दिला. १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली. कडक, ठिसूळ सोन्यावर पारंपरिक घडण जमेना, गिऱ्हाईकही ते घेईना आणि देशभर असंख्य सोनारांचे काम बुडाले. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने परवाने आणि नोंदवह्यांचे ओझे कायम ठेवले. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

त्यानंतरचे बहुतेक बदल यंत्रांनी घडवले. साच्यातून ओतलेले आणि यंत्रावर कापलेले दागिने मोठ्या पेढ्यांत आले, घडणीचे काम बाहेरगावच्या कारखान्यांकडे गेले. तोळा ११.६६ ग्रॅमचा असे. व्यवहारात तो १० ग्रॅमचा झाला. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाल्यावर कस पाहण्याचे काम दगडावरून क्ष-किरण यंत्राकडे सरकले. स्थानिक सोनाराकडे मुख्यतः दुरुस्ती, मोड, झाळणे आणि जुन्या घाटाच्या मागणीची घडण उरली. अभंगातली कात्री आणि हातोडा अजून त्याच्या हाताशी आहेत. बागेसरीची जागा गॅसच्या ज्योतीने आणि ताजव्याची जागा इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली आहे.