साखळीपासून लेसरपर्यंत : अंतरमापनातील तापमानाचा हिशेब

मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा मार्ग पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून जातो. या प्रकल्पाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. ५०८ किलोमीटर लांबीच्या या मार्गाच्या आखणीसाठी विमानातून जमिनीवर लेसरचे स्पंद सोडून, ते परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून भूरूपाची मोजणी करण्यात आली. जमिनीवरच्या मोजणीला मात्र २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यातील अनेक गावांत आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला. त्या वादात आपण येथे शिरणार नाही. पण मोजणी कोणीही करो, मोजलेले अंतर खरे असले पाहिजे, ही अपेक्षा दोन्ही बाजूंची असते. या खरेपणाच्या आड येणारी एक गोष्ट फार जुनी आहे. ती म्हणजे ऊन.

आपल्याकडील जमीनमोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. ही साखळी लोखंडी असे. लोखंडाची लांबी दर अंश सेल्सियसला दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते. सकाळच्या गारव्यात असलेली साखळी दुपारच्या उन्हात २० अंशांनी तापली, तर तिची लांबी अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढेल. एका गुंठ्यात हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु याच साखळीने एक किलोमीटर अंतर मोजले तर चूक २४ सेंटिमीटरची होते. शिवाय तापलेली साखळी लांब झालेली असल्याने मोजलेले अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. विद्यार्थी येथे हमखास उलटे उत्तर देतात, म्हणून हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.

शेताच्या मोजणीत ही चूक खपून जाई. देशाच्या मोजणीत ती खपणारी नव्हती. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजून दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. या पद्धतीत एकच रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजतात आणि पुढची सारी अंतरे कोनांवरून काढतात. त्यामुळे आधाररेषेतील चूक प्रत्येक त्रिकोणात जशीच्या तशी उतरते. लॅम्ब्टन यांची पोलादी साखळी १०० फुटांची होती. तिच्याजवळ थर्मामीटर ठेवून ते तापमान नोंदवीत. साखळी अंशामागे किती वाढते हे प्रयोगाने ठरवून ते प्रत्येक मोजमापात दुरुस्ती करीत. १८१५ मध्ये त्यांनी बीदरजवळ आणखी एक आधाररेषा मोजली. काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तेथे आहे.

लॅम्ब्टन यांची रीत अशी : चूक होऊ द्या, तापमान मोजा आणि मग हिशेबाने चूक वजा करा. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये इंग्लंडहून वेगळे साधन आणले. ते थॉमस कोल्बी यांनी आयर्लंडच्या सर्वेक्षणासाठी तयार केले होते. त्यात दहा फुटी दोन दांड्या, एक लोखंडाची व एक पितळेची, मध्यभागी एकमेकींना जोडलेल्या असत. टोके मोकळी असत आणि प्रत्येक टोकाला दोन्ही दांड्यांना आडवी पोलादी पट्टी खिळीवर बसवलेली असे. लोखंडाच्या व पितळेच्या प्रसरणाचे प्रमाण सुमारे ३:५ आहे. तापल्यावर पितळेचे टोक जास्त सरके आणि पट्टी तिरकी होई. ही पट्टी लोखंडाच्या बाजूने बाहेर वाढवलेली असे. जिथून लोखंड ३ भाग व पितळ ५ भाग दूर पडेल, अशा जागी तिच्यावर एक बारीक ठिपका असे. हा ठिपका तापमान बदलले तरी जागचा हलत नसे. दोन टोकांच्या ठिपक्यांमधील अंतर हीच मापाची लांबी. येथे दोन चुका एकमेकींसमोर उभ्या करून परस्परच फेडलेल्या आहेत.

१८३१-३२ मध्ये कलकत्त्याची आधाररेषा या दांड्यांनी मोजली गेली. १८४१ मध्ये बीदरची आधाररेषाही त्यांनीच पुन्हा मोजण्यात आली. उत्तरेकडील त्रिकोणांवरून काढलेली लांबी आणि ही प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत केवळ काही इंचांचा फरक पडला.

तरीही या युक्तीला एक अट होती. दोन्ही दांड्यांचे तापमान प्रत्येक क्षणी सारखे हवे. पितळ व लोखंड सारख्या गतीने तापत वा निवत नाहीत. ही गती जुळावी म्हणून दांड्यांच्या पृष्ठभागांवर लेप दिले गेले आणि मोजणी तंबूंच्या सावलीत केली गेली. भरपाई करणारा भाग आणि चुकणारा भाग एकाच उष्णतेत असले पाहिजेत, हा धडा येथे मिळाला.

पुढे चार्ल्स गियोम यांनी १८९६ मध्ये लोखंड व निकेलचा अत्यल्प प्रसरण पावणारा इन्व्हार हा मिश्रधातू शोधला आणि त्याच्या फितींनी आधाररेषा मोजल्या जाऊ लागल्या. १९४० च्या दशकात स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रांड यांनी प्रकाशाच्या साहाय्याने अंतर मोजणारे उपकरण बनवले. १९६० मध्ये लेसर आला. आता मोजपट्टी धातूची राहिली नाही. मग तापमानाचा त्रास संपला का?

तो संपला नाही, त्याची जागा बदलली. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. जाण्यायेण्याचा प्रवास धरला तर एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटरची चूक. उपकरण तापले की इलेक्ट्रॉनिक मंडलातून संकेत जाण्यास लागणारा वेळ बदलतो. वेळ मोजणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाची कंप्रता किंचित सरकते. परतलेला प्रकाश टिपणाऱ्या अ‍ॅव्हलांश फोटोडायोडची वर्धनक्षमता घटते. त्यामुळे संकेत दुबळा होतो, ठरावीक पातळी उशिरा ओलांडतो आणि वस्तू आहे त्यापेक्षा दूर भासते.

यावरचे उपाय पाहिले की आपल्याला जुनी माणसे भेटतात. लेसरचा थोडा प्रकाश उपकरणाच्या आतच, लांबी माहीत असलेल्या आखूड मार्गाने त्याच मंडलाकडे पाठवतात. मंडलाचा विलंब दोन्ही संकेतांत सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो. ही कोल्बींची जोडदांडी. स्फटिकाजवळ तापमानाचा संवेदक बसवून, आधी तयार केलेल्या कोष्टकानुसार दुरुस्ती करतात. ही लॅम्ब्टन यांची रीत. डायोडला तर तापमानाबरोबर वाढत जाणारे व्होल्टेज देऊन त्याची क्षमता स्थिर ठेवतात.

आणि अट तीच. संवेदक मंडलाच्या एका कोपऱ्यात व तापणारा डायोड दुसऱ्या कोपऱ्यात असेल, तर भरपाई चुकीची होते. उपकरण सावलीतून उन्हात नेल्यावर ते स्थिरावेपर्यंत थांबावे लागते ते याचसाठी. हवेचा हिशेब तर बाहेरच राहतो. तापमान एक अंशाने बदलले की एक किलोमीटरमागे सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून अचूक काम करणारा मोजणीदार आजही हवेचे तापमान व दाब उपकरणाला सांगतो.

डहाणूच्या किनाऱ्यावर किंवा तलासरीच्या माळावर कोणी तिपाईवर यंत्र ठेवून छत्री धरलेली दिसली, तर विद्यार्थ्यांना ती मुद्दाम दाखवावी. ती छत्री माणसासाठी नसते, यंत्रासाठी असते. एव्हरेस्ट यांच्या तंबूचेच ते लहान रूप आहे. पडद्यावर मिलिमीटरपर्यंत आकडे उमटले म्हणजे माप तितके खरे झाले असे नाही. यंत्रातला व हवेतला तापमानाचा हिशेब कोणी व कसा केला, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर आपल्या बांधाच्या मोजणीच्या वेळीही ती त्यांच्या उपयोगी पडेल.