आजोबांचे नाव जुन्या वर्तमानपत्रात कसे शोधावे?

पिपरी मेघेतल्या कोणत्याही बौद्ध घरात विचारा, आजोबा दीक्षेला गेले होते हे सांगतात. पणजोबांचे पूर्ण नाव विचारले की घर गप्प होते. ही नावे नागपूर-वर्ध्याच्या मोठ्या पत्रांत सहसा सापडत नाहीत. त्या काळी आपल्या वस्तीतला जन्म-मृत्यू त्यांच्यासाठी बातमी नव्हती. म्हणून आम्ही सांगतो, शोध चळवळीच्या पत्रांपासून सुरू करा.

बाबासाहेबांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाले, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला. 'जनता' १९३० पासून, आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून तिचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. त्याआधी नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःची पत्रे चालवली होती. अग्रलेख सगळेच वाचतात. तुम्ही मागची पाने बघा: गावोगावच्या सभांची वृत्ते, ठराव, देणगीदारांच्या याद्या. चार आणे देणाऱ्याचे नाव तिथे छापलेले असू शकते. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' महाराष्ट्र शासनाने पुस्तकरूपात छापले आहेत, ते आधी चाळा.

नाव धरून शोधू नका, तारीख धरून शोधा. आजीला सन आठवत नाही, पण "नागपूरच्या मोठ्या परिषदेच्या वर्षी लग्न झालं" हे आठवते. ती १८ ते २० जुलै १९४२ ची परिषद असेल, तर त्यापुढच्या महिनाभराचे अंक काढा. साप्ताहिकात बातमी उशिरा येई. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेसाठीही तसेच करा.

गावाच्या नावाने फसगत होते. पिपरी नावाची गावे विदर्भात बरीच, आणि छापताना कुठे 'पिंपरी' होते. शेजारचे सावंगी, सिंदी, बोरगाव ही नावे जवळ दिसली तर आपले गाव समजायला आधार मिळतो. बाईचे नाव बहुधा नवऱ्याच्या नावाआड असते, तेही टिपून ठेवा.

कात्रण सापडले म्हणजे जात पडताळणीचे काम झाले, असे समजू नका. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तिथे वजन असते ते कोतवाल बुकाला व शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरला. कोतवाल बुकाची नक्कल तहसील कार्यालयात अर्ज करून मागता येते. त्यात आडनाव नसते कधी कधी; नाव, बापाचे नाव आणि 'महार' एवढेच. (कोतवालकी अनेक गावांत आपल्याच माणसांकडे होती, हेही लक्षात असू द्या.) कात्रणाचा उपयोग इथे होतो: कोणते गाव, कोणते साल, हे कळले की कोणती वही मागायची ते ठरते.

फोटो काढताना फक्त बातमी काढू नका. पत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक एकाच चौकटीत घ्या. आमच्याकडे तारीख नसलेली कात्रणे पडून आहेत, त्यांचे काय करावे ते अजून समजलेले नाही.