तांबे आणि तांब्याच्या रंगाचे प्लास्टिक

वस्तूचे वर्णन म्हणजे तिच्या गुणांची यादी, की प्रकाशात ती कशी वागते याची नोंद? वास्तववादाची चर्चा करताना साहित्याच्या वर्गात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. संगणकीय चित्रणाच्या क्षेत्रात तोच प्रश्न गेली पन्नासहून अधिक वर्षे आकड्यांच्या भाषेत विचारला जात आहे. त्रिमितीय चित्रे घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'मटेरिअल' नावाचा एक विभाग असतो. घड्याला आकार दिल्यावर तो कशाचा आहे, हे तेथे सांगायचे असते: चकाकी किती, आरसेपणा किती, पारदर्शकता किती. निरुपद्रवी भासणाऱ्या या आकड्यांमागे खरे आणि खऱ्यासारखे यांच्यातला एक जुना वाद दडलेला आहे.

'रे ट्रेसिंग' म्हणजे किरणांचा माग काढणे. दिव्यापासून निघालेल्या असंख्य किरणांपैकी फार थोडे डोळ्यापर्यंत पोचतात. म्हणून हा माग उलटा, डोळ्यापासून वस्तूकडे काढला जातो. कल्पना जुनी आहे. आल्ब्रेश्ट ड्यूररच्या १५२५ सालच्या ग्रंथातील एका काष्ठचित्रात भिंतीवरील एका बिंदूपासून निघालेला दोरा चौकटीतून ल्यूट या तंतुवाद्यापर्यंत ताणलेला दिसतो. १९६८ साली आयबीएममधील आर्थर अॅपल यांनी त्या दोऱ्याचे काम गणिताकडे सोपवले. वस्तूवर पोचलेला किरण तेथून दिवा दिसतो की नाही एवढेच विचारी. त्यातून सावली मिळाली. वस्तूचा पोत मात्र अजून दूर होता.

तो प्रश्न बुई तुआँग फाँग यांनी हाती घेतला. हनोईत जन्मलेल्या या संशोधकाने १९७३ साली युटा विद्यापीठात प्रबंध सादर केला. पृष्ठभागावरील चकाकीचा ठिपका किती आटोपशीर असावा, हे त्यांनी एका घातांकावर सोपवले. घातांक वाढवावा, ठिपका लहान व तीक्ष्ण होतो. कमी करावा, तो पसरतो. हे सूत्र प्रकाशाच्या नियमांतून काढलेले नव्हते. निरीक्षणाला जुळेल असे ते बेतलेले होते. १९७५ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांचे निधन झाले. पुढे अनेक सॉफ्टवेअरमध्ये चकाकीच्या एका प्रकाराला 'फाँग' हेच नाव राहिले. मागे एवढे छोटे आणि एवढे टिकाऊ स्मारक फार थोड्यांचे उरते.

१९८० साली बेल लॅब्जमधील टर्नर व्हिटेड यांनी किरणाला वस्तूवर थांबू दिले नाही. आरशावरून तो परावर्तित होई, काचेत शिरताना वळे, पुढच्या वस्तूवर आदळून पुन्हा फुटे. आता मटेरिअलमध्ये अपवर्तनांक आला: पाण्याला १.३३, साध्या काचेला सुमारे १.५. चौकटीदार जमिनीवर तरंगणाऱ्या दोन गोलांच्या त्या प्रसिद्ध चित्राला तेव्हाच्या संगणकावर सव्वा तासाच्या आसपास लागला. किरणाने किती वेळा फुटावे याला मर्यादा घालावीच लागे. ती फार कमी ठेवली, तर काचेमागचे जग काळे पडे. गंमत अशी, की दिव्याची चकाकी काढण्यासाठी व्हिटेड यांनीही फाँग यांचेच सूत्र वापरले.

या सूत्राची उणीव तांब्याने उघड केली. प्लास्टिकच्या बादलीवरील चकाकी दिव्याच्या रंगाची, पांढरी असते; चिंचेने लखलखीत घासलेल्या तांब्याच्या कळशीवरील चकाकी मात्र तांबूस असते. रूढ सूत्रे चकाकीला दिव्याचाच रंग देत; त्यामुळे धातूही प्लास्टिकचे वाटत. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी १९८१ साली मांडलेल्या निबंधात हा भेद चित्रांनीच दाखवला: एकीकडे तांब्याच्या रंगाचे प्लास्टिक, दुसरीकडे तांबे. त्यांच्या सूत्रात पृष्ठभाग अतिसूक्ष्म आरशांचा बनलेला होता आणि परावर्तन फ्रेनेलच्या नियमांनी बांधलेले होते. दुसरा एक दोषही अशा सूत्रांमुळे आटोक्यात येऊ लागला. जुन्या पद्धतीत आकडे मनाला येतील तसे वाढवले, तर वस्तू मिळालेल्या प्रकाशाहून अधिक प्रकाश परत देई. वर्णनकार वस्तूला तिच्या ऐपतीपलीकडची विशेषणे बहाल करतो, त्यातलाच हा प्रकार.

तथापि शास्त्र अचूक झाले म्हणून चित्रकाराचा हात मोकळा झाला नाही. त्याला अपवर्तनांकाची कोष्टके नको होती. २०१२ साली डिस्नेमधील ब्रेंट बर्ली यांनी जो आराखडा मांडला, त्यात एक मूळ रंग आणि दहाच संख्या होत्या: धातुत्व, खडबडीतपणा अशा, सहज समजणाऱ्या आणि सामान्यतः शून्य ते एक यांत बसणाऱ्या. २०१७ साली ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरनेही त्याच धर्तीचे मटेरिअल स्वीकारले.

आज एखादा विद्यार्थी धातुत्वाचा आकडा शून्यावरून एकवर नेतो आणि घड्यावरील पांढरी चकाकी तांबूस होते. त्या एका सरकपट्टीत १९८१ सालची दुरुस्ती सामावलेली आहे, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. तथापि शब्दांशी काम करणाऱ्या आपल्याला ती ठाऊक असलेली बरी. वस्तूला रंग देणे सोपे. तिची चकाकी तिच्या स्वतःच्या रंगाची आहे की वरून पडलेल्या दिव्याच्या, हे ओळखायला मात्र कळशीकडे नीट पाहावे लागते.