लिनक्स सर्व्हरची राखण : आधी दारे मोजा, मग कुलपे लावा

यवतमाळ : खरिपाच्या तोंडावर जिल्ह्यात पीककर्जाची लगबग सुरू होते, तेव्हा शेतकऱ्याचा सातबारा, त्याचे बँकेतील खाते आणि सहकारी संस्थेतील नोंद या तिन्ही गोष्टी आज कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर असतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. तलाठ्याच्या दप्तरातील कागद महाजालावर आला आणि त्याबरोबर तो जपणाऱ्या यंत्राच्या सुरक्षेचा प्रश्नही आला. शासनाच्या मोठ्या सर्व्हरमागे तज्ज्ञांची फळी असते. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतील एखाद्या पतसंस्थेने, महाविद्यालयाने किंवा रुग्णालयाने स्वतःपुरता सर्व्हर ठेवला, तर मात्र त्याची सारी जबाबदारी बहुधा एकाच कर्मचाऱ्यावर येऊन पडते. अशा कामासाठी युनिक्सच्या धाटणीची, परवान्याचा खर्च नसलेली लिनक्स प्रणाली सर्रास वापरली जाते. ती मुळात भक्कम असली, तरी तिची सुरक्षा अखेर मांडणी करणाऱ्यावर अवलंबून असते.

सहकाराला बसलेला धडा

या विषयाचे गांभीर्य महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनुभवले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत हल्लेखोरांनी शिरकाव केला आणि ११ व १३ ऑगस्ट रोजी सुमारे ९४ कोटी रुपये लंपास केले. अठ्ठावीस देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे रकमा काढल्या गेल्या. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले.

२०१८ मध्येच २ ऑक्टोबरला अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी आशिया व आफ्रिकेतील बँकांवर झालेल्या 'फास्टकॅश' नामक हल्ल्यांविषयी इशारा प्रसिद्ध केला. या हल्ल्यांत बाधित झालेले व्यवहार-सर्व्हर एआयएक्स या युनिक्स प्रणालीच्या, उत्पादकाने पाठबळ काढून घेतलेल्या जुन्या आवृत्त्यांवर चालत होते, अशी नोंद त्यात आहे. हल्लेखोरांनी नेमका त्या जुनेपणाचाच फायदा घेतल्याचा पुरावा मात्र मिळाला नव्हता. तरीही दुरुस्त्या बंद झालेल्या प्रणालीवर पैशांचे व्यवहार चालवणे किती जोखमीचे आहे, हे यातून दिसते.

कोणत्या सेवा जाग्या आहेत?

सर्व्हरवरील प्रत्येक सेवा एका ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर बाहेरच्या विनंतीची वाट पाहत असते. पोर्ट म्हणजे यंत्राचे दार. संकेतस्थळासाठी ८० व ४४३, दूरस्थ प्रवेशाच्या एसएसएच सेवेसाठी २२, तर मायएसक्यूएल या माहितीसाठ्यासाठी ३३०६ हे क्रमांक रूढ आहेत. सर्व्हर हाती आल्यावर पहिले काम म्हणजे कोणती दारे उघडी आहेत याची यादी करणे. लिनक्सवरील 'एसएस' ही आज्ञा ती यादी क्षणात दाखवते. ज्या सेवेचे प्रयोजन सांगता येत नाही, ती 'सिस्टमसीटीएल'द्वारे थांबवावी आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती आपोआप चालू होणार नाही, याचीही व्यवस्था करावी.

या नियमामागे जुना अनुभव आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने युनिक्स यंत्रांवरील 'फिंगर' व 'सेंडमेल' या नेहमीच्या सेवांमधील उणिवांचा लाभ घेतला आणि हजारो संगणक ठप्प केले. जी सेवा चालूच नाही, तिच्यातील उणीव बाहेरच्याला वापरता येत नाही.

काही सेवा आवश्यक असतात, पण बाहेरच्यांसाठी नसतात. माहितीसाठा आणि संकेतस्थळ एकाच यंत्रावर असतील, तर माहितीसाठ्याने १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्यावरच ऐकावे. मग खातेदारांची माहिती असलेले दार महाजालाकडे उघडतच नाही.

दूरस्थ प्रवेशाचे नियम

पूर्वी दूरच्या यंत्रावर काम करण्यासाठी टेलनेट वापरत. त्यात परवलीचा शब्दही उघड्या अक्षरांत जात असे. फिनलंडमधील विद्यापीठाच्या जाळ्यावर अशी पासवर्डचोरी झाल्यानंतर तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केली. आज टेलनेट बंद ठेवणे आणि एसएसएच वापरणे हा किमान संकेत आहे.

तेवढ्याने मात्र भागत नाही. बावीस क्रमांकाचे पोर्ट महाजालावर दिसू लागले, की स्वयंचलित प्रोग्राम तेथे अहोरात्र पासवर्डचे अंदाज बांधू लागतात. म्हणून 'रूट' या सर्वाधिकारी खात्याला थेट प्रवेश नाकारावा. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र खाते द्यावे आणि विशेष अधिकार 'सुडो'मार्फत हवे तेवढेच द्यावेत. पासवर्डऐवजी सांकेतिक चाव्यांची जोडी वापरावी. तिची खासगी चावी कर्मचाऱ्याच्या संगणकावर राहते, सर्व्हरवर जाते ती सार्वजनिक चावी. कर्मचारी संस्था सोडून गेला, की त्याचे खाते व चावी त्याच दिवशी काढावी.

हे बदल करताना एक खबरदारी महत्त्वाची. चालू जोडणी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्या पद्धतीने प्रवेश मिळतो का, हे पाहावे आणि मगच पहिली बंद करावी. फायरवॉल सुरू करतानाही तेच. आधी एसएसएचला परवानगी द्यावी, मग 'येणारे सर्व नाकारा' हा मूळ नियम लावावा आणि ठरवलेली मोजकी पोर्ट उघडावीत. हा क्रम चुकला, तर सर्व्हर यवतमाळात आणि त्याची देखभाल करणारा नागपुरात, अशा वेळी दुरुस्तीसाठी प्रवास करण्याची पाळी येते. वारंवार चुकीचे प्रयत्न करणाऱ्या पत्त्यांना 'फेल-टू-बॅन' हा प्रोग्राम काही काळ अडवून ठेवतो.

अद्ययावतता आणि नोंदी

प्रत्येक प्रणालीला आयुर्मर्यादा असते. सर्व्हरसाठी लोकप्रिय असलेल्या सेंटओएस ७ चे अधिकृत पाठबळ ३० जून २०२४ रोजी संपले. अशी यंत्रे वरकरणी सुरळीत चालतात, पण नव्याने सापडणाऱ्या उणिवांवरील दुरुस्त्या त्यांना आपोआप मिळत नाहीत. त्यामुळे पाठबळ कधी संपते, ती तारीख खरेदीच्या वेळीच संस्थेच्या नोंदवहीत असावी आणि स्थलांतराचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला असावा.

दुसरीकडे, सर्वांत ताजी आवृत्ती म्हणजे सर्वांत सुरक्षित असेही नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या संक्षेपण साधनाच्या दोन नव्या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. एसएसएच प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ते लक्षात आले. डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना त्याची झळ पोहोचली नाही. स्थिर आवृत्ती आणि तिच्यावरील नियमित सुरक्षा दुरुस्त्या हा लहान संस्थांसाठी योग्य मार्ग होय.

नोंदींबाबत आता कायदेशीर बंधनही आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, त्यांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवायची आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर सर्व्हरची नोंद आणि दूरसंचार कंपनीची नोंद जुळत नाही आणि तपास तेथेच अडतो. नोंदींची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवावी. शिरलेला चोर आधी त्याच पुसतो.

शेवटचा आधार

हे सारे करूनही यंत्र निकामी होऊ शकते. वीज खंडित होते, डिस्क खराब होते, कधी खंडणीखोर प्रोग्राम माहिती कुलूपबंद करतो. म्हणून माहितीची प्रत रोज घ्यावी आणि तिची एक आवृत्ती सर्व्हरपासून तोडलेल्या जागी ठेवावी. त्या प्रतीवरून माहिती खरोखर परत मिळते का, याची चाचणी तिमाहीत एकदा तरी घ्यावी.

वर सांगितलेली बहुतेक साधने मोफत आहेत. खर्च होतो तो वेळेचा आणि लक्षाचा. पुसदला १९८३ पासून आणि यवतमाळात १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे हे काम जाणणारी माणसे जिल्ह्यातच मिळू शकतात. आर्थिक तपासणी जशी दरवर्षी होते, तशी सर्व्हरच्या उघड्या दारांची तपासणीही संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर यायला हवी. त्या यंत्रात नोंदलेली ठेव संस्थेची नसते, ती ठेवीदाराची असते.