तेल भट्टी, घरगुती : सुरक्षिततेचा इतिहास

तेल भट्टी, घरगुती : इंधन तेल जाळून हवा तापविणारे आणि ती नळांवाटे खोल्यांत खेळवून घर उबदार ठेवणारे साधन. हवेऐवजी पाणी तापविणाऱ्या साधनास बाष्पित्र म्हणतात. मात्र दोहोंतील ज्वालक आणि सुरक्षा साधने बहुतांशी सारखीच असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा ईशान्य भाग व कॅनडाचा पूर्व भाग या कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत ही भट्टी विशेष प्रचारात आली. तिच्या सुरक्षिततेचा इतिहास हा मुख्यतः दोन प्रश्नांचा इतिहास आहे : न जळलेले तेल भट्टीत साचू न देणे आणि ज्वलनातून निघालेले वायू घरात शिरू न देणे.

इंधनाची कसोटी : १८५९ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीस तेल लागले आणि दिव्यांसाठी केरोसीन मुबलक मिळू लागले. त्यात हलके, चटकन बाष्प होणारे घटक मिसळलेले असल्यास दिव्याचा स्फोट होई. तेलाची वाफ ज्या किमान तापमानास ठिणगीने क्षणभर पेट घेते, त्यास प्रज्वलनांक म्हणतात. फ्रेडरिक एबल यांच्या बंद पात्राच्या कसोटीनुसार ब्रिटनमध्ये १८७९ च्या कायद्याने ७३° फॅ. (सु. २३° से.) ही मर्यादा ठरविण्यात आली. भारताच्या १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमातील वर्गवारीही प्रज्वलनांकावरच आधारलेली असून तीत ‘अ’ वर्गाची मर्यादा २३° से. हीच आहे. घरगुती भट्टीत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या ‘क्रमांक २’ इंधन तेलाचा प्रज्वलनांक अमेरिकी मानकानुसार किमान ३८° से. असावा लागतो. त्यामुळे हे तेल नेहमीच्या तापमानास साठविणे बरेच निर्धोक असते. परंतु त्यात थोडे जरी पेट्रोल मिसळले, तरी ही निर्धोकता नाहीशी होते.

कोळशाकडून तेलाकडे : कोळशाच्या भट्टीत घरातील कोणी तरी कोळसा घाली, राख काढी व विस्तवावर लक्ष ठेवी. वॉरन जॉन्सन यांनी १८८३ साली खोलीतील विद्युत् तापनियंत्रकाचे एकस्व मिळविले. १८८५ च्या सुमारास मिनीॲपोलिस येथील ॲल्बर्ट बुट्झ यांनी तापमानानुसार भट्टीची हवेची झडप आपोआप उघडणारी योजना केली. १९२० नंतर कोळशाच्या जुन्या भट्ट्यांत तेलाचे ज्वालक बसविले जाऊ लागले. संयुक्त संस्थानांत १९४० साली निम्म्याहून अधिक घरे कोळशावर आणि सु. एकदशांश घरे तेलावर तापत. १९६० साली तेलावर तापणाऱ्या घरांचे प्रमाण सु. एकतृतीयांश झाले. राखेचा त्रास संपला, पण विस्तवावरची नजरही सुटली. सर्व जण झोपेत असताना भट्टी आपोआप सुरू होऊ लागली. जाळ खरोखर पेटला की नाही, हे पाहण्याचे काम आता यंत्रावर आले.

ज्वालेची राखण : प्रचलित दाब-ज्वालकात पंप तेलावर दर चौ. सेंमी. ला सु. ७ किग्रॅ. इतका दाब देतो. तेल बारीक छिद्राच्या तोटीतून तुषाररूपाने बाहेर पडते, पंखा हवा पुरवितो आणि रोहित्राच्या सु. १०,००० व्होल्ट दाबाने उडणारी ठिणगी तुषार पेटविते. ठिणगी पडली नाही, तर पंप तेल ओततच राहतो. यावर पहिला उपाय धुराड्याच्या नळात बसविलेल्या द्विधातू पट्टीचा होता. धूर तापून पट्टी वाकली नाही, तर ज्वालक बंद पडे. तथापि पट्टी तापण्यास वेळ लागतो व तेवढ्या अवधीत बरेच तेल साचू शकते. पुढे कॅडमियम सल्फाइडाचा प्रकाशसंवेदी घट वापरात आला. ज्वालेच्या प्रकाशाने त्याचा विद्युत् रोध घटतो. ज्वाला न दिसल्यास सु. १५ ते ४५ सेकंदांत तेल थांबविले जाते.

बंद पडलेली भट्टी पुन्हा सुरू करण्यासाठी मात्र एक कळ ठेवावी लागली. थंडीने गारठलेला गृहस्थ ती पुनःपुन्हा दाबतो; दर वेळी न जळलेल्या तेलात भर पडते आणि अखेर ते एकदम पेट घेऊन काजळी घरभर उडते, प्रसंगी भट्टी फुटते किंवा आग लागते. यासाठी ही कळ एकदाच दाबावी व तरीही भट्टी न पेटल्यास जाणकार तंत्रज्ञ बोलवावा, असा नियम सांगितला जातो. अलीकडच्या कित्येक नियंत्रकांत ठरावीक प्रयत्नांनंतर कळ निकामी होण्याची योजना असते.

अदृश्य वायू : दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडाचा. हवा अपुरी पडली, धुराडे तुंबले किंवा उष्णता विनिमयकास भेग पडली, तर हा वर्णहीन व गंधहीन वायू खोल्यांत पसरू शकतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या २०० पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ साली त्याचे मानवी शरीरावरील परिणाम प्रयोगांनी दाखविले. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्यासाठी घरांच्या फटी बुजविण्यात आल्या. त्यामुळे उष्णता वाचली, पण काही ठिकाणी ज्वलनास लागणाऱ्या हवेची वाटही अडली. या वायूची सूचना देणाऱ्या घरगुती उपकरणांचे अमेरिकी मानक १९९२ साली प्रसिद्ध झाले, तर १९९४ साली शिकागो शहराने अशी उपकरणे घरांत सक्तीची केली.

नैसर्गिक वायू व उष्णता पंप यांच्या प्रसारामुळे तेल भट्ट्यांची संख्या पुष्कळ घटली असली, तरी मेन राज्यात अद्यापि त्या अनेक घरांत आहेत. वर्षातून एकदा तोटी, गाळणी व धुराडे यांची सफाई आणि ज्वलनाची तपासणी करवून घेणे, हवेची वाट मोकळी ठेवणे, भट्टीजवळ पेट्रोल वा रंग न साठविणे, झोपण्याच्या खोल्यांजवळ सूचक उपकरण बसविणे आणि तेलाचा वास, काजळी वा गडगडाट आढळल्यास भट्टी बंद करणे, ही पथ्ये आजही आवश्यक आहेत. स्वयंचलित साधने धोका ओळखून तेल थांबवितात. ते का थांबले याचा शोध मात्र माणसालाच घ्यावा लागतो.