ओझें वाहणाऱ्यांचा इतिहास

उमरखेडच्या पेठेंत दुचाकीवर पुडक्यांची थैली बांधून घरोघर फिरणारा तरुण आज कोणाच्या विशेष ध्यानांत येत नाहीं. परंतु पुसद-उमरखेडचा हा मुलूख बंजाऱ्यांच्या तांड्यांचा. येथें त्याचा धंदा नवा म्हणतां यावयाचा नाहीं. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ व धान्य दूरदेशीं पोंचविणें हीच बंजाऱ्यांची पिढीजात वृत्ति. १८०३ सालीं वऱ्हाडांत उतरलेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेलाहि बंजाऱ्यांनीं आणलेल्या धान्याचा आधार होता.

पुढें १८५३ सालीं आगगाडी आली, सडका वाढल्या, आणि बैलांच्या पाठीवरील ओझ्याबरोबर धन्याची भाकरीहि उतरली. १८७१ च्या कायद्यानें सबंध जमातींना गुन्हेगार ठरविण्याची मुभा सरकारला दिली. त्या शिक्क्यांतून बंजारेहि सर्वस्वीं सुटले नाहींत. ज्यांच्या भरंवशावर फौजा जेवल्या, त्यांच्यावरच पहारा बसला! १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला.

जुना बंजारा बैलांचा धनी होता, आणि पुष्कळदां मालाचाहि. म्हणून भावाची घासाघीस तो स्वतः करी. आजच्या तरुणाची गाडी त्याची, इंधन त्याचें. खेपेची मजुरी मात्र दुसराच ठरवितो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें अशा कामगारास निदान नांव दिलें, हें आम्ही उपकारक समजतों. परंतु नांवाबरोबर दर ठरवितांना बोलण्याचा अधिकार मिळेपर्यंत, त्याच्या पाठीवरील ओझें हलकें झालें असें आम्हांस म्हणवत नाहीं.